कागदी कॅरीबॅग : दुकानासाठी निवड (नागपूर)

विकलेला माल गिऱ्हाइकाला घरी नेता यावा म्हणून दुकानदार देतो ती, हँडल लावलेली आणि बहुधा सपाट बुडाची कागदी पिशवी. नागपूरच्या बोलण्यात ती कागदाची थैली. छापखान्यात आणि दुकानदारांच्या तोंडी पेपर बॅग. तिच्यावर दुकानाचे नाव असते, त्यामुळे निवडताना बहुतेकांचे लक्ष छपाईवर जाते. निवडीचा खरा कस मात्र दोन गोष्टींवर ठरतो : आत काय जाणार, आणि ते घरी कसे जाणार.

सपाट बुडाची पिशवी यंत्रावर काढण्याचे श्रेय अमेरिकेतील मार्गारेट नाइट यांना जाते. त्यांना 1871 मध्ये पेटंट मिळाले. पिशवीसाठी लागणारा चिवट तपकिरी कागद म्हणजे क्राफ्ट. त्याच्या लगद्याची पद्धत कार्ल डाल या जर्मन रसायनतज्ज्ञाने 1879 मध्ये काढली. नागपूरच्या बाजारात पेपर बॅगेचा जोर वाढला तो कायद्यामुळे. महाराष्ट्र शासनाने 23 मार्च 2018 च्या अधिसूचनेने हँडल असलेल्या-नसलेल्या सगळ्याच प्लास्टिक पिशव्यांवर बंदी घातली. पहिल्या वेळी 5,000, दुसऱ्या वेळी 10,000 आणि तिसऱ्या वेळी 25,000 रुपये दंड व तीन महिन्यांपर्यंत कैद, अशी त्यात तरतूद होती. महापालिकेचे उपद्रव शोध पथक दुकानांत पन्नी (प्लास्टिकची पिशवी) सापडली की पावती फाडू लागले. कापडासारख्या दिसणाऱ्या नॉन-वोव्हन पिशव्यांकडे अनेक जण वळले, पण त्याही पॉलिप्रॉपिलीनच्याच, म्हणजे प्लास्टिकच.

माप

माप सांगताना रुंदी, घडी (गसेट, म्हणजे बाजूची आत दुमडणारी पट्टी; पिशवी उघडली की तीच बुडाची खोली) आणि उंची असा क्रम इंचात सांगतात. 10 बाय 4 बाय 13 हे कपड्यांच्या दुकानात नेहमी चालणारे माप. चूक होते ती घडीत. संत्रा बर्फीचा डबा पिशवीत आडवा, बुडावर सपाट बसला पाहिजे. घडी अर्धा इंच जरी कमी पडली तरी डबा उभा घालावा लागतो आणि घरी उघडेपर्यंत सगळ्या वड्या एका कोपऱ्यात गोळा झालेल्या असतात. म्हणून मिठाईवाल्याने आधी डबा ठरवावा आणि डब्याच्या रुंदीपेक्षा अर्धा-पाऊण इंच जास्त घडी मागावी. साडीच्या दुकानात याच्या उलट : घडी कमी, रुंदी जास्त, नाहीतर साडीची घडी मोडते. इतवारीच्या सराफ्यात दागिन्याची डबी दोन-चार तोळ्यांच्या मालाची असते; तिथे ताकदीचा प्रश्नच नाही, तिथे जाड आर्ट कार्ड, रिबीन आणि सोनेरी फॉइल चालते. संत्री मात्र डझनाला दीड किलोच्या आसपास भरतात, शिवाय थोडी ओलसर असतात. ती शोभेच्या पिशवीत घालू नयेत.

कागद

कागदाची जाडी ‘जीएसएम’मध्ये, म्हणजे एका चौरस मीटर कागदाच्या ग्रॅममधील वजनात, मोजतात. दुकानदार बहुधा एवढाच आकडा विचारतो आणि इथेच फसतो. क्राफ्टची ताकद ‘बीएफ’ म्हणजे बर्स्टिंग फॅक्टरवर ठरते. जीएसएमला बीएफने गुणून 1,000 ने भागले की कागद किती दाबाला फाटेल ते कळते. 120 जीएसएम, 20 बीएफचा कागद दर चौरस सेंटिमीटरला 2.4 किलो दाब सोसतो, तर 100 जीएसएम, 28 बीएफचा 2.8 किलो. पातळ कागद जास्त टिकला, आणि तो कमी लागला. वर सांगितलेल्या 10 बाय 4 बाय 13 मापाला चिकटवायची पट्टी, बूड आणि वरची दुमड धरून साधारण 29 बाय साडेसतरा इंच कागद जातो, म्हणजे 120 जीएसएममध्ये सुमारे 39 ग्रॅम आणि 100 मध्ये 33 ग्रॅम. एक किलोत आधीच्या 25 पिशव्या निघतात, नंतरच्या 30. चांगल्या बीएफचा कागद किलोमागे महाग असतो, पण हिशेब पिशवीमागे करावा. रद्दीच्या लगद्यापासून बनलेला कागद स्वस्त पडतो. त्यात तंतू आखूड असल्याने घडीवर तो लवकर उलतो.

हँडल

बर्डीच्या मेन रोडवर किंवा गांधीबागेत घेतलेला माल बहुतेकदा दुचाकीच्या हुकाला लटकून घरी जातो. हातात धरलेल्या पिशवीचे दोन्ही हँडल थोडे पसरतात आणि वजन वाटले जाते. हुकावर ते एका बिंदूत आवळले जातात, वरची कड आत ओढली जाते, आणि प्रत्येक गतिरोधकाला झटका बसतो तो थेट हँडलच्या मुळाशी. पेपर बॅग बुडातून क्वचित जाते. जाते ती इथून.

पिळाच्या कागदी हँडलला आतून एक कागदी पट्टी चिकटवलेली असते. ती पट्टी जितकी लांब तितका भार पसरतो. पैसे वाचवायला पहिल्यांदा हीच पट्टी आखूड केली जाते. सुती दोरीचे हँडल भोक पाडून, आत गाठ मारून बसवतात. त्यासाठी वरच्या दुमडीत पुठ्ठ्याची पट्टी हवीच, नाहीतर दोरी कागद चिरत खाली येते. आयलेट (भोकाला बसवायची कडी) लावल्याने भोक शोभते, पुठ्ठा नसेल तर वाचत मात्र नाही. रिबिनीची गाठ वजनाने सुटते. पिशवीलाच भोक पाडून केलेले हँडल औषधे, चष्मा किंवा पुस्तकापुरते ठीक.

नमुना हाती आला की त्यात नेहमीच्या मालाच्या दीडपट वजन भरून ती हुकाला रात्रभर टांगावी, सकाळी वीसेक झटके द्यावेत आणि मग आतून पट्टीच्या कडा पाहाव्यात. कागद किंचित जरी सुटला असेल तर तो नमुना परत करावा, छपाई कितीही देखणी असली तरी.

छपाई

हजारोंच्या ऑर्डरीला फ्लेक्सो (लवचीक ठशाची छपाई), गुळगुळीत आर्ट पेपरवर चार रंगांना ऑफसेट, आणि दोन-चारशे पिशव्यांना स्क्रीन प्रिंटिंग असा साधारण शिरस्ता आहे. तपकिरी क्राफ्ट शाई पितो. त्यावर पिवळा, फिकट गुलाबी किंवा नागपूरकरांचा लाडका नारिंगी मळकट दिसतो, काळा आणि गडद लाल उठून दिसतात. देवनागरीची अडचण वेगळी. फ्लेक्सोत शाई पसरते, त्यामुळे बारीक अक्षरांत ‘भ’ आणि ‘ध’च्या गाठी भरून जातात, अनुस्वार शिरोरेघेला चिकटतो आणि पत्ता वाचता येत नाही. नाव ठळक ठेवावे, पत्त्याला मोकळा टंक घ्यावा किंवा पत्ता गाळावा. ओल्या पांढऱ्या फडक्याने छपाई घासून पाहावी. रंग फडक्याला लागला तर तो पहिल्या पावसात साडीलाही लागेल.

चकचकीत किंवा मॅट लॅमिनेशन म्हणजे कागदावर चढवलेला प्लास्टिकचा पापुद्रा. पिशवी टिकाऊ होते, पण रद्दीवाला ती घ्यायला कुरकुरतो आणि लगद्यात ती नीट विरघळत नाही. ‘पर्यावरणपूरक’ असे छापून त्यावर लॅमिनेशन करणे हा विनोद बाजारात सर्रास दिसतो.

हवामान आणि साठवण

मे महिन्यात पारा 45 च्या घरात गेला की कोरड्या हवेत कागद घडीवर ठिसूळ होतो. जूनच्या मध्यानंतर तोच कागद दमट पडून मऊ होतो, आणि भिजल्यावर साध्या क्राफ्टची ताकद फार थोडी उरते. गठ्ठे जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवावेत. ओल आणि उधळी (वाळवी) दोन्ही जमिनीतून आणि भिंतीतूनच येतात. दिवाळी आणि लग्नसराईचा माल आधीच सांगावा लागतो, पण वर्षभराचा साठा एकदम उचलू नये.

खाद्यपदार्थांचा नियम वेगळा आहे. वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधायला अन्न सुरक्षा प्राधिकरणाची मनाई आहे, आणि रद्दीपासून केलेल्या तपकिरी पिशवीतही चिवडा किंवा समोसा थेट घालू नये. आत बटर पेपर किंवा डबा हवा.

पर्यावरण आणि दर

कागदी म्हणजे निर्दोष, हा समज अर्धवट आहे. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेच्या 2011 च्या अभ्यासानुसार, तापमानवाढीच्या हिशेबात साध्या पातळ प्लास्टिक पिशवीची बरोबरी करायला कागदी पिशवी किमान तीनदा वापरावी लागते. म्हणून घरी गेल्यावर गिऱ्हाईक जी जपून ठेवते, तीच पिशवी दुकानाच्याही फायद्याची. पिशवीचे वेगळे पैसे घ्यायचे असतील तर ते खरेदीआधी स्पष्ट सांगावे लागतात. 2019 मध्ये चंडीगडच्या ग्राहक मंचाने, दुकानाचे नाव छापलेल्या कागदी पिशवीचे तीन रुपये घेतल्याबद्दल एका पादत्राणांच्या दुकानाला भरपाई द्यायला लावली. स्वतःची जाहिरात गिऱ्हाइकाच्या हाती देऊन वर त्याचेच पैसे घेता येणार नाहीत, असा मंचाचा रोख होता.