कंपवात पुढे किती वाढेल, हे मेंदूच्या चित्रात दिसतं का?

मिरजेत न्यूरॉलॉजिस्टच्या दवाखान्याबाहेर थोडा वेळ बसलं की एक तक्रार हमखास कानावर पडते. "एमआरआय नॉर्मल आलाय म्हणतात. मग यांचा हात का थरथरतो?" जत, कवठेमहांकाळकडून पहाटेची एसटी धरून आलेली माणसं असतात. स्कॅनला चांगले पैसे मोजलेले असतात, रिपोर्टात काही नाही, आणि घरातला माणूस तर डोळ्यांदेखत वाकत चाललेला. रिपोर्ट खोटा नसतो. कंपवातात, म्हणजे पार्किन्सनच्या आजारात, नेहमीचा एमआरआय बहुतेकदा नॉर्मलच येतो. गाठ, पक्षाघात, मेंदूत साठलेलं पाणी अशी दुसरी कारणं नाहीत ना, एवढं बघायला तो काढतात.

बिघाड असतो मध्यमेंदूतल्या सब्स्टॅन्शिया नायग्रा नावाच्या काळसर पट्ट्यात. तिथल्या पेशी डोपामिन नावाचं रसायन बनवतात आणि लांब तंतूंवाटे वर स्ट्रायटम या भागात पोचवतात. हालचाल सुरू करणं, तिचा वेग आणि आवाका राखणं यासाठी ते लागतं. आवाका जातो म्हणजे काय, हे मी आमच्या नात्यातल्या नानांच्या वहीत पाहिलं. सांगलीच्या हळदीच्या पेठेत त्यांनी आयुष्यभर अडत दुकानाचे हिशेब लिहिले. शेवटच्या वर्षांच्या रोजमेळात 'राजापुरी'तला 'रा' ठसठशीत आहे, 'री'पर्यंत अक्षर निम्मं झालंय, आणि ओळीच्या टोकाला रकमेचे आकडे भिंगाशिवाय लागत नाहीत. हात थरथरायला लागला तो नंतर.

निदान झाल्यावर नानांनी डॉक्टरांना एकच विचारलं, "अजून किती वर्षं माझ्या पायांनी चालेन?" मेंदूच्या चित्रांकडून आज संशोधकांना हवं आहे ते याच प्रश्नाचं उत्तर.

आपल्याकडे ट्रोडॅट नावाचा स्कॅन होतो. शिरेतून किंचित किरणोत्सारी औषध देतात. ते डोपामिनच्या तंतूंच्या टोकांना चिकटतं आणि काही तासांनी फोटो काढतात. निरोगी मेंदूत दोन स्वल्पविराम उजळलेले दिसतात. कंपवातात त्यांची शेपटी आधी विझते, बहुधा एका बाजूची जास्त, आणि उरतात दोन ठिपके. डोपामिनचे तंतू कमी झालेत का, हे ठरवायला हा स्कॅन चांगला. पुढचं सांगायला मात्र तो तोकडा पडतो, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंच्या २०१३ मधल्या एका अभ्यासात दिसलं, की स्ट्रायटमच्या ज्या भागावर हालचालीची मुख्य भिस्त असते, तिथले डोपामिनचे तंतू निदानानंतर साधारण चार वर्षांतच जवळपास संपलेले असतात. आजार तर त्यानंतरही दहा-पंधरा वर्षं वाढत राहतो. म्हणजे एका टप्प्यानंतर चित्र तळाला जाऊन थांबतं आणि माणसाची अवस्था बदलतच राहते. सारख्याच दिसणाऱ्या स्कॅनचे दोन रुग्ण असतात. एक रोज भाजी आणायला जातो, दुसऱ्याचे पाय उंबऱ्याशी खिळून राहतात.

मग तळाला न जाणारी खूण कोणती? ती मिळाली पाण्यात. एमआरआयच्या एका खास पद्धतीत पाण्याचे रेणू कुठे अडतात आणि कुठे मोकळे फिरतात, हे मोजता येतं. पेशी दाटीवाटीनं असल्या की पाण्याला हलायला वाव कमी. पेशी मरू लागल्या, आसपास सूज आली, की मोकळ्या पाण्याचं प्रमाण वाढतं. फ्लोरिडा विद्यापीठाच्या गटानं २०१७ मध्ये अनेक केंद्रांतल्या रुग्णांचा चार वर्षांचा मागोवा मांडला. सब्स्टॅन्शिया नायग्राच्या मागच्या भागात मोकळं पाणी वर्षागणिक वाढत गेलं होतं, आणि पहिल्याच वर्षातल्या वाढीवरून पुढच्या काळात आजाराची पायरी किती चढेल याचा अंदाज येत होता. मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण इथे आजाराचा वेग मोजला जातो आहे.

पण चालणं एकट्या डोपामिनवर चालत नाही. गर्दीतून, बोलत बोलत, खड्डा चुकवत चालायला लक्ष लागतं, आणि त्यासाठी ॲसिटिलकोलिन हे वेगळं रसायन. ते पुरवणाऱ्या पेशींचा एक पुंजका मेंदूच्या तळाशी असतो. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवलं, की निदानाच्या सुमारास हा पुंजका ज्यांचा लहान होता, त्यांची चाल पुढच्या तीन वर्षांत जास्त बिघडली, पावलांतला नियमितपणा सुटला. डोपामिनची उणीव भरून काढणाऱ्या लेव्होडोपाच्या गोळीनं हात मोकळा होतो पण तोल सुधारत नाही, असं घरचे सांगतात, त्याचा एक धागा इथे आहे. रक्तदाब आणि मधुमेहानं मेंदूच्या पांढऱ्या भागात पडणारे डागही चाल बिघडवतात. हे मात्र साध्या एमआरआयवर दिसतं, आणि रक्तदाब, साखर ताब्यात ठेवणं आपल्या हातात असतं.

हे सगळे अंदाज गटांचे आहेत. शंभर माणसांत कल दिसतो. नानांचं नेमकं काय होईल, हे त्यातून निघत नाही. शिवाय एका मशीनवरचा आकडा दुसऱ्या मशीनशी सरळ जुळत नाही, आणि नेहमीच्या रिपोर्टात मोकळ्या पाण्याचं मोजमाप नसतं. याचा पहिला उपयोग औषधांच्या चाचण्यांत होईल. आजाराचा वेग कमी करणारं सिद्ध झालेलं औषध अजून हाती नाही. ते शोधताना वर्षानुवर्षं थांबण्याऐवजी वर्षभरातच वेग मंदावला का, हे चित्रात बघता आलं तर मोठा पल्ला वाचेल.

म्हणून "पुढचं कळावं" एवढ्यासाठी आज कुणी कर्ज काढून स्कॅन करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ते पैसे फिजिओथेरपीला लावावेत. नियमित व्यायामानं चाल आणि तोल सुधारतो, हे पुष्कळ अभ्यासांत दिसलं आहे. साखर आणि रक्तदाब वेळच्या वेळी तपासावा. दर सहा महिन्यांनी घरातच मोबाईलवर व्हिडिओ काढावा: खुर्चीतून उठणं, दारापर्यंत जाणं, वळणं, परत येणं. गोळी कधी घेतली होती ती वेळही लिहून ठेवावी आणि पुढच्या खेपेला डॉक्टरांना दाखवावं. दवाखान्यात पाच पावलं चालताना माणूस सावरून चालतो, घरात तसं होत नाही.