प्रवाळांतील सहजीवी शैवाले

प्रवाळभित्ती उभारणाऱ्या बहुतेक कठीण प्रवाळांच्या पेशींत राहून सूर्यप्रकाशावर अन्न तयार करणारी सूक्ष्म, एकपेशीय शैवाले. जुन्या पुस्तकांत त्यांना सरसकट झूझँथेली म्हटले जाई. आता ती सिम्बायोडिनिएसी कुलात गणली जातात. प्रवाळांखेरीज समुद्रफूल, काही जेलीफिश आणि महाकाय शिंपल्यांतही ती आढळतात.

कोल्हापूरकराची प्रवाळाशी पहिली भेट बहुधा गुजरीच्या सराफ बाजारात होते, मंगळासाठी अंगठीत बसवायच्या पोवळ्यापाशी. ही ओळख जरा फसवी आहे. दागिन्यातले लाल पोवळे म्हणजे मुख्यतः भूमध्य समुद्रातल्या एका निराळ्या प्रवाळाचा सांगाडा. तो प्रवाळ अंधुक उजेडाच्या कपारींत वाढतो, त्याच्या अंगात ही शैवाले नसतातच आणि त्याची लाली सांगाड्यातच मुरलेली असते. भित्ती बांधणाऱ्या प्रवाळाचा सांगाडा मात्र पांढरा असतो. त्यावरच्या पातळ जिवंत थराला तपकिरी रंग येतो तो मुख्यतः शैवालांमुळे. फोंडा घाट उतरून मालवणला स्नॉर्केलिंगला गेलेली मंडळी पाण्यात डोके घालतात आणि वर येऊन विचारतात, ‘पोवळी कुठायत?’ नुकतेच पाहिलेले ते मातकट-तपकिरी गोळे, तीच ती.

शैवालाची पेशी साधारण एक शतांश मिलिमीटरची. मोकळ्या पाण्यात ती दोन कशाभिकांच्या (चाबकासारख्या बारीक शेपट्यांच्या) साहाय्याने पोहते. प्रवाळाच्या आतल्या थरातील पेशीत शिरल्यावर कशाभिका टाकून गोल होते. निरोगी प्रवाळाच्या एका चौरस सेंटिमीटरात अशा दहा लाखांच्या आसपास पेशी असू शकतात. प्रवाळ त्यांना निवारा, कार्बन डायऑक्साइड आणि स्वतःच्या टाकाऊ पदार्थांतला नायट्रोजन पुरवतो. त्या बदल्यात शैवाले तयार केलेल्या अन्नातला मोठा वाटा, अनुकूल स्थितीत 90 टक्क्यांपर्यंत, यजमानाला देतात. उष्ण कटिबंधातल्या नितळ पाण्यात पोषकद्रव्ये फार थोडी. तिथे एवढ्या भित्ती उभ्या राहतात त्या या उधारीवर. उजेडात चुन्याचा सांगाडा वेगाने वाढतो, तोही याच भागीदारीमुळे.

अशी भागीदारी आपल्या स्वयंपाकघरातही आहे. कोल्हापुरी मसाल्यात पडणारे दगडफूल म्हणजे बुरशी आणि हिरवे शैवाल यांचे एकत्र बिऱ्हाड. पन्हाळ्याच्या वाटेवरच्या झाडांवरचे राखाडी दगडफूल पहिल्या पावसात भिजले की हिरवट दिसू लागते, कारण ओली झालेली वरची साल पारदर्शक होऊन आतले शैवाल डोकावते. शैवालाची जात वेगळी, व्यवहार तोच.

झूझँथेली हे नाव कार्ल ब्रँड्ट यांनी 1881 मध्ये दिले. 1962 मध्ये ह्यूगो फ्रॉइडेन्थाल यांनी जेलीफिशमधल्या शैवालाचे सिम्बायोडिनियम मायक्रोॲड्रियाटिकम असे नामकरण केले आणि पुढे बरीच वर्षे सगळ्या प्रवाळांत तीच एक जात असावी असे मानले गेले. सूक्ष्मदर्शकाखाली सगळे गोळे सारखेच दिसतात, त्यामुळे ही चूक समजण्यासारखी होती. डीएनए तपासल्यावर चित्र पालटले. आधी ए, बी, सी, डी अशा अक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या शाखांपैकी अनेकांना 2018 मध्ये स्वतंत्र प्रजातींचा, म्हणजे जवळच्या जातींच्या गटांचा, दर्जा मिळाला. हिंद-प्रशांत पट्ट्यात क्लॅडोकोपियम सर्वाधिक पसरलेले, कॅरिबियनमध्ये ब्रेव्हिओलम ठळक. ड्युरुस्डिनियमच्या नावातच लॅटिनमधला ‘चिवट’ आहे आणि गरम किंवा गढूळ पाण्यात त्याची चिवटाई कळते.

एकाच वसाहतीत एकाहून अधिक प्रकार राहू शकतात. काही प्रवाळांत उथळ, उन्हाच्या बाजूला एक आणि खोल सावलीत दुसरा अशी वाटणीही दिसते. बहुसंख्य प्रवाळांची पिल्ले शैवाले बाहेरच्या पाण्यातून मिळवतात. पोराइट्ससारख्या काहींत मात्र ती आईच्या अंड्यातूनच येतात.

उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी एखादा अंशच जास्त तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, की शैवालांची प्रकाशसंश्लेषण यंत्रणा बिघडते, ऑक्सिजनची घातक रूपे साठतात आणि प्रवाळ शैवाले गमावतो. पांढरा सांगाडा पारदर्शक मांसातून दिसू लागतो; हेच विरंजन. पांढरा पडलेला प्रवाळ लगेच मरत नाही, उपाशी असतो. पाणी वेळेत निवले तर शैवाले पुन्हा वाढतात. कधी या उलथापालथीत ड्युरुस्डिनियमचे प्रमाण वाढते आणि प्रवाळाला एक-दीड अंश जादा उष्णता सोसते. पण हा भाडेकरू हात आखडून भाडे देतो, त्यामुळे वाढ मंदावते आणि पाणी पूर्ववत झाल्यावर बऱ्याचदा जुनेच शैवाल परत जम बसवते. पर्शियन आखातात उन्हाळी पाणी 35 अंशांपलीकडे जाते. तिथल्या अनेक प्रवाळांत क्लॅडोकोपियमचीच एक उष्णतासोशी जात आहे, म्हणजे चिवटपणा हा एकाच प्रजातीचा मक्ता नाही.

कोल्हापूरला सर्वांत सोयीचे प्रवाळ मालवणचे. तिथले सागरी अभयारण्य 1987 मध्ये जाहीर झाले. पावसाळ्यात हे पाणी गाळाने गढूळ होते आणि शैवालांना ऊन कमी पोचते. पोराइट्स आणि टर्बिनेरिया हे प्रवाळ तरीही तग धरून आहेत. कठीण प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण असल्याने तुटलेला तुकडाही आठवण म्हणून घरी आणणे गुन्हा ठरते.