संसदीय कायदानिर्मिती (भारत)

संसदेच्या दोन्ही सभागृहांनी संमत केलेल्या विधेयकाला राष्ट्रपतींची अनुमती मिळाली की त्याचा अधिनियम होतो. बोलण्यात आपण त्यालाच कायदा म्हणतो. कोणत्या विषयावर केंद्राने कायदा करायचा, कोणत्या विषयावर राज्यांनी आणि कोणते विषय दोघांचे, हे संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील तीन सूच्यांत ठरवून दिले आहे. विधेयकाची वाट प्रामुख्याने अनुच्छेद १०७ ते १११ यांत आखलेली आहे. टीव्हीवर दिसतो तो सभागृहातला गदारोळ. पण विधेयकाचा मजकूर बहुतेक वेळा तिथे पोहोचण्यापूर्वीच पक्का झालेला असतो.

सरकारी विधेयकाची सुरुवात मंत्रालयात होते. संबंधित खाते प्रस्ताव मांडते, इतर खात्यांचे अभिप्राय घेते, विधी मंत्रालयातले मसुदाकार त्याला कायद्याची भाषा देतात आणि मग मंत्रिमंडळ मान्यता देते. मसुदा किमान ३० दिवस लोकांपुढे ठेवून सूचना मागवाव्यात, असे केंद्राचे धोरण २०१४ मध्ये ठरले. मात्र ते धोरण आहे, कायदा नव्हे, त्यामुळे पाळले जातेच असे नाही. मंत्री नसलेल्या खासदारालाही विधेयक मांडता येते. अशा अशासकीय विधेयकांसाठी लोकसभेत शुक्रवारचे शेवटचे अडीच तास राखलेले असतात. स्वातंत्र्यानंतर अशी जेमतेम १४ विधेयके कायदा होऊ शकली, आणि त्यांतले शेवटचे १९७० सालचे.

सभागृहात विधेयकाची तीन वाचने होतात. ‘वाचन’ हा शब्द तसा फसवा आहे, कारण कोणी काही वाचून दाखवत नाही. पहिल्या वाचनात विधेयक मांडले जाते. दुसऱ्यात तत्त्वांवर चर्चा, समितीकडे पाठवायचे तर तो निर्णय, आणि खंडवार विचार व दुरुस्त्या. तिसऱ्यात मंजुरी. खरे काम झाले तर समितीत होते. खात्यांशी निगडित स्थायी समित्या १९९३ पासून आहेत; आज त्या २४ असून प्रत्येकीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० सदस्य असतात. बंद दाराआड, कॅमेऱ्याविना बसणारे खासदार तिथे पक्षभेद थोडे बाजूला ठेवतात, तज्ज्ञांना बोलावतात, कलमांची चिरफाड करतात. समितीची शिफारस सरकारवर बंधनकारक नसते. शिवाय विधेयक समितीकडे पाठवणे सक्तीचे नाही. पंधराव्या लोकसभेच्या काळात ७१ टक्के विधेयके समित्यांकडे गेली होती. सतराव्या लोकसभेत हे प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवर आले.

२०२० चे कृषी कायदे हे त्याचे ठळक उदाहरण. जूनमध्ये वटहुकूम निघाले, सप्टेंबरमध्ये विधेयके आली आणि समितीकडे न जाता मंजूर झाली. राज्यसभेत विरोधकांनी मतविभागणी (मते मोजून निकाल) मागितली होती, तरी २० सप्टेंबरला आवाजी मतदानाने निकाल दिला गेला. पुढे दिल्लीच्या सीमांवर शेतकरी वर्षभर ठाण मांडून बसले, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये कायद्यांना स्थगिती दिली आणि २९ नोव्हेंबर २०२१ रोजी दोन्ही सभागृहांनी ते एकाच दिवशी, चर्चेविना, मागे घेतले. जी चर्चा आत झाली नाही ती रस्त्यावर झाली, एवढे तरी म्हणता येईल.

सत्ताधारी पक्षाला बहुमत असले की विधेयकाचा निकाल सहसा आधीच ठरलेला असतो. १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदी आणली. तेव्हापासून पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्या खासदाराची खासदारकी जाऊ शकते. फोडाफोडीला आवर घालण्याचा तो उपाय होता, पण त्यात सदस्याचे स्वतंत्र मतही आवळले गेले. त्याआधी स्वपक्षीयांचा विरोध उघड दिसे. हिंदूंचे विवाह, वारसा यांचे कायदे बदलणारे हिंदू कोड बिल काँग्रेसमधल्याच सनातनी गटाच्या विरोधाने रखडले आणि कायदामंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सप्टेंबर १९५१ मध्ये राजीनामा दिला. त्याचे तुकडे करून चार कायदे झाले ते १९५५-५६ मध्ये.

दोन सभागृहांत मतभेद झाल्यास संयुक्त बैठक बोलावता येते. तशी ती तीनदाच झाली: १९६१ (हुंडाबंदी), १९७८ (बँकिंग सेवा आयोग) आणि २००२ (पोटा हा दहशतवादविरोधी कायदा). धन विधेयकावर (फक्त कर, सरकारी खर्च अशा पैशांच्या बाबींचे विधेयक) राज्यसभा १४ दिवसांत फक्त शिफारशी करू शकते. विधेयक धन विधेयक आहे की नाही हे लोकसभेचे अध्यक्ष ठरवतात, म्हणूनच २०१६ चे आधार विधेयक त्या वाटेने नेल्यावर वाद न्यायालयापर्यंत गेला. राष्ट्रपती विधेयक एकदा परत पाठवू शकतात. संसदेने पुन्हा संमत केल्यास अनुमती द्यावीच लागते. निर्णयाला मुदत मात्र नाही. टपाल कार्यालय (सुधारणा) विधेयक १९८६ मध्ये तेव्हाचे राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्याकडे गेले, त्यांनी त्यावर सहीही केली नाही आणि ते परतही पाठवले नाही.

कायद्याची ठिणगी पुष्कळदा संसदेपासून फार दूर पडते. १९७२ मध्ये तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याचा खटला उभा राहिला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोन पोलिसांना दोषी धरले, सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडले. त्यावर उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. महिला संघटना रस्त्यावर आल्या, विधी आयोगाने अहवाल दिला आणि १९८३ मध्ये फौजदारी कायदा बदलला. कोठडीतील बलात्कार हा वेगळा, अधिक कडक शिक्षेचा गुन्हा ठरला. अशा खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि पीडितेने संमती नव्हती असे न्यायालयात सांगितले, तर न्यायालयाने तसेच गृहीत धरावे, असे कलम पुराव्याच्या कायद्यात आले.

राज्यांचे प्रयोगही दिल्लीत पोहोचतात. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली महाराष्ट्राची रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळात पसरली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, आणि २००५ च्या केंद्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याला तिचाच अनुभव पाठीशी होता. अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर आलेला महाराष्ट्राचा माहिती अधिकार कायदाही केंद्राच्या २००५ च्या कायद्याआधीचा. राजस्थानात गावोगावच्या जनसुनावण्यांतून हीच मागणी पुढे आली होती.

विधेयक मंजूर झाले म्हणजे कायदा लागू झाला असे नाही. बहुतेक अधिनियमांत ‘केंद्र सरकार अधिसूचनेद्वारे नेमील त्या दिवशी’ अमल सुरू होईल असे कलम असते, आणि तपशिलाचे नियम पुढे खातेच करते. माहिती स्वातंत्र्य अधिनियम, २००२ संसदेने संमत केला, राष्ट्रपतींची सहीही झाली; ती अधिसूचना कधीच निघाली नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ ने तो लागू न होताच रद्द केला.