हाय खाल्ली म्हणजे नेमकं काय झालं?

जुन्या घरांत एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते. अमक्याच्या जाण्याची बातमी आली, म्हातारीने हाय खाल्ली आणि दोन दिवसांत तीही गेली. आपल्याकडे ‘धसका घेतला’ हे मृत्यूचं कारण म्हणून सहज चालायचं. दाखल्यावर मात्र ते कुणी लिहीत नसे. धसका मोजायचा कसा, हा प्रश्नच होता.

तो मोजण्याची एक भीषण संधी लॉस एंजेलिसला मिळाली. १७ जानेवारी १९९४ रोजी पहाटे ४ वाजून ३१ मिनिटांनी नॉर्थरिजचा भूकंप झाला. त्या आधीच्या आठवड्यात तिथे हृदयविकाराने अचानक होणारे मृत्यू दिवसाला सरासरी ४.६ होते. भूकंपाच्या दिवशी ते २४ झाले. हे लोक ढिगाऱ्याखाली सापडले नव्हते. त्यांतल्या फक्त तिघांना धावपळ, ओझी उचलणं असे श्रम पडले होते, बाकीच्यांना पुरली ती भीती. मला सर्वांत बोलका वाटतो तो पुढचा आकडा. त्यानंतरच्या सहा दिवसांत असे मृत्यू नेहमीपेक्षाही कमी झाले. ज्यांची हृदयं आधीच काठावर होती, त्यांना भूकंपाने काही दिवस आधी ढकललं, असा त्याचा सरळ अर्थ लागतो.

ढकलतं कोण? मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी आणि मज्जातंतूंची टोकं. मेंदूने धोका ओळखला की तिथून अॅड्रिनॅलिन आणि त्याची भावंडं रक्तात सुटतात. ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, रक्तातल्या बिंबिका (प्लेटलेट्स) चिकट होतात. वाघ समोर असेल तर हे सगळं उपयोगाचं आहे. जखम झालीच तर रक्त लवकर गोठलेलं बरं. पण वाघाच्या जागी साहेब किंवा भाऊबंदकीतला चुलता असला, तरी शरीर तीच तयारी करतं. निरोगी रक्तवाहिनी अशा वेळी रुंदावते, आतून चरबीचा थर बसलेली उलट आकसते. वाढलेल्या दाबाने तो थर फाटला, तर त्यावर गुठळी बसते आणि हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा तुटतो. हार्ट अटॅक म्हणतात तो हाच.

अठराव्या शतकातला नामांकित शल्यचिकित्सक जॉन हंटर याला आपल्या छातीतल्या कळा रागाशी बांधलेल्या आहेत हे पक्कं ठाऊक होतं. मला डिवचणाऱ्या कोणाही हलकटाच्या हातात माझा जीव आहे, अशा अर्थाचं तो बोलून दाखवी. १७९३ मध्ये लंडनच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयातल्या बैठकीत वादावादी झाली आणि तो तिथेच गेला. शवविच्छेदनात त्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या हाडासारख्या कडक झालेल्या दिसल्या. निदान स्वतःचं, पुरावाही स्वतःचाच!

शरीराच्या ताणाचा हिशेब थोडा वेगळा आहे, कारण त्याची सवय करता येते. १९९३ च्या एका अमेरिकी अभ्यासात आठवड्यातून एकदाही व्यायाम न करणाऱ्यांमध्ये जोरदार श्रमांनंतरच्या तासाभरात अटॅकची शक्यता एरवीच्या शंभराहून अधिक पट झालेली आढळली. आठवड्यातून पाच किंवा अधिक वेळा व्यायाम करणाऱ्यांत ती जेमतेम अडीच पट होती. त्या एका तासाचा धोका मुळात फार लहान असतो, हे खरं. तरीही वर्षभर लिफ्ट वापरून पावसाळ्यातल्या एका रविवारी थेट राजगड गाठणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवलेला बरा.

रोजचा, मुरलेला ताण असा धडाका देत नाही. तो थर साचवतो. २०१७ मध्ये बॉस्टनच्या संशोधकांनी २९३ जणांचे स्कॅन तपासले. मेंदूतलं भीतीचं केंद्र, म्हणजे अमिग्डाला, ज्यांच्यात जास्त जागं होतं, त्यांच्या अस्थिमज्जेतही, म्हणजे हाडांतल्या रक्तपेशी बनवणाऱ्या गाभ्यात, जास्त हालचाल दिसली आणि रक्तवाहिन्यांना दाहही जास्त होता. पुढच्या काही वर्षांत हृदयविकार आणि पक्षाघातही त्यांच्यातच अधिक झाले. ‘टेन्शन घेऊ नका’ हा सल्ला देणाऱ्यांची मला म्हणून गंमत वाटते. जणू ते कुणी दुकानातून पिशवी घेऊन विकत आणतं.

पण त्या म्हातारीचं काय? हाय खाल्लेल्या काही जणांच्या रक्तवाहिन्या स्वच्छ निघतात. छातीत कळ, ईसीजी अटॅकसारखा, रक्तात ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याची खूण, वाढलेलं आणि अँजिओग्राफीत अडथळा मात्र कुठेच नाही. १९९० मध्ये हिरोशिमाच्या हिकारू सातो यांनी अशा रुग्णांच्या हृदयाचा डावा खालचा कप्पा पाहिला. त्याचं टोक लुळं पडून फुगलं होतं आणि वरचा भाग मात्र जोराने आवळत होता. पोट सुटलेलं, गळा अरुंद. जपानी कोळी ऑक्टोपस धरायला असंच मडकं समुद्रात सोडतात. ताको म्हणजे ऑक्टोपस, त्सुबो म्हणजे मडकं. आजाराचं नाव ताकोत्सुबो पडलं.

२००५ मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी अशा रुग्णांच्या रक्तात अॅड्रिनॅलिनच्या घराण्यातली द्रव्यं नेहमीच्या ७ ते ३४ पट मोजली. हृदयाच्या टोकाशी ही द्रव्यं पकडणारे पेशींवरचे ग्राहक (रिसेप्टर) दाट असतात, म्हणून तोच भाग गारठतो, असं एक मत आहे. रुग्णांत दहांपैकी नऊ बायका, बहुतेक पाळी गेलेल्या. असं का, याचं पक्कं उत्तर अजून मिळालेलं नाही. निमित्त नेहमी दुःखाचंच असतं असंही नाही. दम्याचा जोराचा झटका किंवा शस्त्रक्रियाही पुरते, आणि पुरुषांत अशी शारीरिक निमित्तंच जास्त दिसतात. मुलाच्या लग्नात किंवा आजी झाल्याच्या आनंदात हृदयाचं मडकं झालेल्या बायकाही नोंदल्या गेल्या आहेत.

‘अटॅक नाही, नुसता धसका आहे’ म्हणून घरी थांबणं मात्र परवडणारं नाही. रुग्णालयात दाखल झालेल्यांपैकीही शंभरात चार-पाच दगावतात, आणि नुसत्या ईसीजीवरून हे दोन आजार वेगळे काढणं डॉक्टरांनाही खात्रीने जमत नाही. जे तरतात त्यांचं हृदय बहुतेक वेळा पूर्ववत होतं. काही आठवड्यांनी पुन्हा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढतात. निदान बरोबर असेल, तर पडद्यावर तोच कप्पा टोकापासून नीट आकुंचन पावताना दिसतो आणि मडक्याचा मागमूसही उरलेला नसतो.