जुन्या मॉनिटरचा प्रोजेक्टर बनवताय? मग ६० इंचांवर थांबा

एलसीडी मॉनिटर बंद पडला की आपण लगेच म्हणतो स्क्रीन गेली, पण बहुतेक वेळा स्क्रीन गेलेलीच नसते. गेलेला असतो तो मागचा दिवा, नाहीतर पॉवर सप्लायमधले कपॅसिटर फुगलेले असतात, आणि आमच्या गोव्यात किनाऱ्याजवळच्या घरांमध्ये खाऱ्या दमट हवेने सर्किटचे पाय गंजतात ते वेगळंच. खात्री करायची असेल तर मॉनिटर कॉम्प्युटरला जोडून चालू करा, खोलीत काळोख करा आणि काचेवर मोबाईलचा टॉर्च तिरका मारा. पुसट का होईना पण चित्र दिसलं म्हणजे पॅनेल, म्हणजे चित्र दाखवणारी पातळ काच, जिवंत आहे, आणि हेच पॅनेल बाहेर काढून मागे दिवा आणि पुढे भिंग लावलं की घरच्या घरी प्रोजेक्टर बनवता येतो. १५ इंची जुना चौकोनी मॉनिटर यासाठी सगळ्यात बरा, १०२४ बाय ७६८ म्हणजे जवळजवळ आठ लाख पिक्सेल, आणि पुढे ज्या भिंगाबद्दल सांगणार आहे ते या मापाला सहज मिळतं.

उघडायच्या आधी एकच गोष्ट, पण ती मनापासून सांगतोय. प्लग काढला म्हणजे करंट संपला असं नसतं. घरातली २३० व्होल्टची वीज डीसी झाली की सुमारे ३२५ व्होल्ट होते आणि ती मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही टिकून राहू शकते. त्यामुळे काही दिवस तसाच ठेवा, मीटरने मोजा, मगच हात घाला. आत ट्यूबलाईटसारख्या बारीक नळ्या निघाल्या तर त्या फोडू नका, त्यात पारा असतो. पॅनेलच्या कडेला केसासारख्या बारीक रिबन असतात, त्यांच्यावरून ड्रायव्हर सर्किट मागे दुमडलेलं असतं, ते उलगडून बाजूला सरळ करता आलं पाहिजे, नाहीतर सर्किटची सावली चित्रात पडते. काही पॅनेलमध्ये ते उलगडतच नाही, मग त्या पॅनेलचा नाद सोडायचा, ओढाताण केली तर रिबन तुटते आणि ती पुन्हा जोडणं घरी शक्य नाही.

आता हे पॅनेल करतं काय? त्याला स्वतःचा उजेड नाही. दोन पोलरायझर फिल्म, म्हणजे एकाच दिशेत थरथरणारा उजेड पुढे सोडणारे पातळ पापुद्रे, एकमेकींना काटकोनात, आणि मध्ये लिक्विड क्रिस्टलचा अगदी पातळ थर. नुसत्या दोन आडव्याउभ्या फिल्म एकावर एक ठेवल्या तर उजेड पलीकडे जातच नाही, काळं दिसतं. पण मधल्या थरातले रेणू आग्वादच्या दीपगृहासारख्या जागी असतो तसल्या गोल जिन्यागत, खालून वर जाताना हळूहळू ९० अंश वळत जातात आणि उजेडाची दिशाही आपल्याबरोबर वळवतात, म्हणून तो दुसऱ्या फिल्ममधून सुटतो. व्होल्टेज दिलं की रेणू उभे राहतात, वळण मोडतं, तो ठिपका काळा होतो. व्होल्टेज कमीजास्त केलं की करड्या छटा, आणि प्रत्येक ठिपक्यावर लाल हिरवी निळी गाळणी लावली की रंग.

या लिक्विड क्रिस्टलचा शोध टीव्हीसाठी वगैरे लागलेला नाही. १८८८ साली प्रागमध्ये फ्रेडरिक रायनिट्झर नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ गाजरातून काढलेल्या कोलेस्टेरॉलच्या एका संयुगावर काम करत होते, ते १४५.५ अंशांना वितळलं पण गढूळ राहिलं आणि १७८.५ अंशांना एकदम स्वच्छ झालं, म्हणजे एकाच पदार्थाला जणू दोन वितळबिंदू. ही दुसरी पायरी लक्षात ठेवा, कारण मॉनिटरच्या पॅनेलमधलं मिश्रण बरंच कमी तापमानाला, साधारण ७० ते १०० अंशांच्या दरम्यान, असंच 'स्वच्छ' होतं. तेव्हा रेणूंची वळणदार रांग मोडते आणि चित्राच्या मधोमध काळा डाग उमटतो. थंड झालं की डाग जातो, पण पोलरायझर फिल्म एकदा करपली तर ती गेलीच.

म्हणून या अख्ख्या यंत्रात पॅनेल हा अडचणीचा भाग नाहीच, खरी अडचण उजेडाची आहे. पहिली फिल्मच निम्म्याहून जास्त उजेड खाते. रंगांच्या गाळण्या उरलेल्यातला दोनतृतीयांश खातात, कारण लाल गाळणी हिरवा-निळा अडवते आणि तसंच बाकीच्यांचं. मग ट्रान्झिस्टर आणि तारांची जाळी आहे, तीही आपला हिस्सा घेते. शेवटी शंभरातले पाच-सहा भाग पलीकडे पोचतात. बाजारातल्या चांगल्या प्रोजेक्टरमध्ये यावर उपाय म्हणून तीन छोटी पॅनेलं असतात, खास आरशांनी पांढरा उजेड आधीच तीन रंगांत वाटून एकेका पॅनेलमधून नेतात, म्हणजे गाळणीत वाया जात नाही. आपल्याकडे एकच मोठं पॅनेल, त्यामुळे नुकसान सोसायचंच.

हिशेब करून बघू. १०० वॉटचा चांगला चौकोनी एलईडी चिप घेतला तर तो साधारण १०,००० लुमेन (एकूण उजेडाचं माप) देतो. तो समोर सगळीकडे पसरतो, भिंगाने त्यातले समजा ४,००० गोळा केले. पॅनेलमधून ६ टक्के गेले म्हणजे २४०. पुढची भिंगं आणखी थोडे खाऊन पडद्यावर साधारण १६० लुमेन. आता हे १०० इंची चित्रावर पसरवले तर क्षेत्रफळ ३.१ चौरस मीटर, म्हणजे जेमतेम ५० लक्स (दर चौरस मीटरवर पडणारे लुमेन), आणि साध्या पांढऱ्या पडद्यावर त्याची चकाकी, म्हणजे पडदा डोळ्याला किती उजळ दिसतो ते, होते १६ निट्स. डिजिटल सिनेमाच्या थिएटरमधलं पांढऱ्याचं प्रमाण ४८ निट्स धरलेलं असतं, म्हणजे आपलं त्याच्या एक तृतीयांश.

हेच चित्र ६० इंचांचं केलं की क्षेत्रफळ १.१ चौरस मीटर होतं आणि चकाकी ४६ निट्सच्या आसपास जाते. थिएटरच्या बरोबरीने! २००४ पासून पणजीत इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव होतो, तिथे काळोख्या हॉलमध्ये बसून सिनेमा बघितलेल्याला माहीत असतं की पडदा डोळ्यांत घुसत नाही तरी चित्र भरगच्च वाटतं, तेवढा उजेड तुमच्या घरच्या खोक्यातून मिळतोय. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की १०० इंच, १२० इंच ही हौस सोडा, ६० वर थांबा आणि खोली मात्र पूर्ण काळोखी ठेवा, बाल्कांवातला, म्हणजे पुढच्या व्हरांड्यातला, दिवासुद्धा बंद करा.

उजेड गोळा करायला लागतं ते फ्रेनेल भिंग. ऑगस्टिन फ्रेनेल हे फ्रान्सचे, त्यांनी दीपगृहासाठी जाड भिंगाची फक्त वळणदार पृष्ठं ठेवून मधली फुकटची काच काढून टाकायची युक्ती काढली, १८२३ मध्ये तिथल्याच कोर्दुआँच्या दीपगृहात ते पहिल्यांदा लागलं. आपल्याला लागतं ते अॅक्रिलिकचं, दोन-तीन मिलिमीटर जाड, त्यावर गोल गोल बारीक खाचा. जुन्या ओव्हरहेड प्रोजेक्टरमध्ये अगदी हेच असतं, कुठल्या शाळा-कॉलेजने मोडीत काढलेला मिळाला तर सोडू नका, भिंगांचा प्रश्न एकदम सुटतो. दोन फ्रेनेल लागतात. पहिलं दिवा आणि पॅनेलच्या मध्ये, साधारण २२० मिलिमीटर फोकल लेंथचं, दिवा त्याच्यापासून बरोबर तेवढ्याच अंतरावर ठेवायचा म्हणजे किरण सरळ समांतर होऊन पॅनेलमधून जातात, आणि या जातीच्या पॅनेलला सरळ किरणच मानवतात, तिरके गेले की काळा रंग फिका पडतो. दुसरं पॅनेलच्या पुढे, ३३० च्या आसपासचं, ते सगळा उजेड गोळा करून शेवटच्या, म्हणजे चित्र पडद्यावर टाकणाऱ्या साध्या भिंगात घालतं. दोन्हींच्या खाचा पॅनेलच्या बाजूला, पण पॅनेलला चिकटवून नाही, एक-दोन सेंटिमीटर जागा सोडा, नाहीतर त्या गोल रेघा पडद्यावर दिसतात. आणि हे भिंग उन्हात कधीही उघडं ठेवायचं नाही, गोव्याचं दुपारचं ऊन त्यातून एका ठिपक्यावर आलं तर लाकूड पेटतं, जाड कापडात गुंडाळून कपाटात ठेवा.

शेवटचं भिंग ३२० मिलिमीटरचं धरलं तर ६० इंचांसाठी चित्र चारपट मोठं करायचंय, मग पॅनेल भिंगापासून ४०० मिलिमीटरवर आणि पडदा १.६ मीटरवर येतो. शाळेतलं भिंगाचं सूत्र, दुसरं काही नाही. भिंग पुढेमागे सरकेल अशी सोय ठेवा, फोकस तिथेच होतो. चित्र उलटं पडतं म्हणून पॅनेल डोकं खाली करून लावायचं हे सगळ्यांना सुचतं, पण नुसतं तेवढं केलं की अक्षरं आरशातल्यासारखी येतात, त्यासाठी पॅनेलचं तोंड दिव्याकडे आणि पाठ भिंगाकडे करायची. काचेवर खरखरीत फिल्म असेल तर तीही चित्र भुरकट करते.

दिव्याबद्दल दोन गट आहेत, एक ४०० वॉटच्या मेटल हॅलाइडवाला (मोठ्या फ्लडलाईटमध्ये असतो तसला वायूचा दिवा) आणि एक एलईडीवाला. मेटल हॅलाइडचा उजेड भरपूर, यात वाद नाही. पण आपल्याकडे जूनमध्ये पाऊस सुरू झाला की लाईट जाते येते जाते येते, आणि हा दिवा एकदा विझला की गरम असताना परत पेटतच नाही, थंड होईपर्यंत पाच-दहा मिनिटं किंवा जास्तच थांबायला लागतं. त्याहून वाईट म्हणजे लाईटबरोबर पंखाही बंद पडतो आणि तापलेला दिवा बंद खोक्यात पॅनेलला भाजत राहतो. शिवाय त्यातून उष्ण किरण आणि अतिनील किरण सरळ पॅनेलवर येतात, त्यांना अडवायला वेगळी काच लागते. एलईडीतही अर्ध्याहून जास्त विजेची उष्णताच होते, पण ती मागच्या बाजूला, मोठ्या हीटसिंकमधून (उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) आणि पंख्यातून बाहेर काढता येते. लाईट आली की लगेच पेटतो. इथल्या घरात एलईडीच घ्या, आणि पॅनेलच्या दोन्ही अंगांनी हवा खेळती राहील असा दुसरा छोटा पंखा लावा. पॅनेलला हात लावून चटका बसत असेल तर पंखा कमी पडतोय.

खोकं पार्टिकल बोर्डाचं करू नका, एका पावसाळ्यात फुगतं आणि भिंगांची रांग वाकडी होते. वॉटरप्रूफ प्लाय घ्या आणि आतून काळा मॅट रंग द्या, कारण आत इकडेतिकडे उडालेला उजेड पडद्यावर जाऊन काळ्याचं करडं करतो. भिंगांवर बुरशी धरते ती निघत नाही, म्हणून चार महिने वापर नसेल तर शेवटचं भिंग काढून सिलिका जेलबरोबर हवाबंद डब्यात. भिंतीवर ओल आली असेल तर डाग चित्रात दिसतात, त्यापेक्षा घट्ट विणीचं पांढरं कापड ताणून लावा, मागे काळं अस्तर असलं तर उत्तमच.

एवढी खटपट कशाला, ऑनलाईन स्वस्तात एलईडी प्रोजेक्टर मिळतात असं म्हणाल तर त्यातले बरेचसे आतून हेच असतात, एक एलईडी, दोन फ्रेनेल, मध्ये एकच छोटं रंगीत एलसीडी पॅनेल. आणि ते पॅनेल पुष्कळदा ८०० बाय ४८० चंच असतं, खोक्यावर फुल एचडी छापलेलं असलं तरी तो सिग्नल फक्त आत घेतला जातो आणि आकसून दाखवला जातो. विकत घेणार असाल तर दुकानदाराला पॅनेलचं स्वतःचं रिझोल्यूशन विचारा, लुमेनचा आकडा कुठल्या मापाने काढलाय ते विचारा, आणि दुकानातली लाईट बंद करून सिनेमाच्या शेवटची बारीक अक्षरं लावून बघा. ती कोपऱ्यात वाचता येत नसतील तर तुमच्या जुन्या १५ इंची पॅनेलचं चित्र त्याच्यापेक्षा चांगलं येईल.