पार्श्वभूमी: घरी बांधलेल्या विमानातले ५१ टक्के

अमेरिकेत गॅरेजमध्ये पत्र्याचं विमान बांधायला घेणाऱ्याला आणि असं विमान विकत घेणाऱ्यालाही एक आकडा सतत ऐकू येतो: ५१ टक्के. हा आकडा एफएएच्या (अमेरिकेच्या विमान नियामक संस्थेच्या) नियमात मात्र कुठेच नाही. विमानाचा बहुतांश भाग ‘घडवणं आणि जोडणं’ हे काम केवळ शिक्षणासाठी किंवा छंदासाठी बांधणी हाती घेतलेल्या माणसांनी केलेलं असावं, एवढंच नियम सांगतो. बहुतांश म्हणजे निम्म्याहून जास्त, म्हणून बोलताना ५१. पण निम्म्याहून जास्त कशाचं? वजनाचं, तासांचं, की पैशाचं? कशाचंच नाही. मोजली जातात ती कामं, एका यादीवरून.

हौशी बांधणीचा प्रवर्ग १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला रुळला तेव्हा हा प्रश्न पडायचं कारणच नव्हतं. नकाशे विकत मिळायचे, पत्रा आणायचा, कापायचा, ठोकायचा. कोणी बांधलं हे हातांवरच्या चऱ्यांवरून कळे. संपूर्ण धातूचं विमान साध्या अवजारांनी घरी जमतं, हे १९६४ साली उडालेल्या टी-१८ या विमानाने अनेकांना पटवलं. १९७१ साली आरव्ही-३ उडालं आणि पुढे त्या मालिकेची किटं (जोडायच्या भागांचे संच) येऊ लागली, तरी सांगाडा सरळ धरायला जिग स्वतःच उभारावं लागे. जिग वाकडं तर विमान वाकडं.

चित्र बदललं ते नव्वदच्या दशकात. पत्र्याला भोकं कारखान्यातच, संगणकावर चालणाऱ्या पंच प्रेसने पडू लागली. पत्र्याचं भोक आणि रिबचं (पत्र्याला आकार देणाऱ्या आतल्या फासळीचं) भोक एकमेकांवर आलं की भाग आपोआप सरळ बसतो, त्यामुळे जिगची गरज जवळपास संपली. पाठोपाठ पंख आणि सांगाडा बराचसा रिव्हेट (पत्रे जोडणाऱ्या धातूच्या खिळ्या) मारून तयार असलेली, फिलिपिन्समध्ये जोडून येणारी ‘क्विक-बिल्ड’ किटंही मिळू लागली. इतकं आयतं मिळत असताना बहुतांश काम मालकाचं कसं, असं कोणीही विचारेल.

उत्तर त्या यादीच्या रचनेत आहे. ‘पंखाची रिब घडवणे’ हे एक काम. पंखात डझनावारी रिब असल्या तरी मालकाने एक-दोन स्वतः घडवल्या की त्याला ते काम येतं असं धरलं जाई आणि त्या ओळीत त्याच्या बाजूला खूण पडे. उरलेल्या कारखान्याने केल्या तरी चालत. पत्र्याच्या विमानात तेच तेच काम हजारो वेळा असतं, म्हणून ही सवलत धातूच्या किटांना सगळ्यात जास्त मानवली. नियमाचा हेतू शिक्षण हा असेल तर यात गैर काही नाही: पाचशेवा रिव्हेट जे शिकवत नाही, ते पहिले पन्नास शिकवतात. इंजिन, प्रोपेलर, चाकं, ब्रेक, उपकरणं तयारच घ्यायची असतात, म्हणून ती घडवण्याची अपेक्षाही नसते.

खरी ठिणगी पडली ती पैसे देऊन बांधून घेण्यावरून. महागडी, वेगवान विमानं व्यावसायिक कारागीर बांधत आणि कागदावर ‘बांधणारा’ म्हणून सही गिऱ्हाईक करी. २००६ साली एफएएची समिती बसली. फेब्रुवारी २००८मध्ये नव्या किटांचं मूल्यमापनच थांबवण्यात आलं आणि त्याच वर्षी मसुदा आला: मालकाने किमान २० टक्के घडवणं आणि किमान २० टक्के जोडणं स्वतः केलंच पाहिजे, उरलेले ११ टक्के कसेही. सगळा वाद ‘आणि’ या एका शब्दावर होता. घडवणं आणि जोडणं दोन्ही वेगवेगळं मोजायचं, की मिळून? हौशी मंडळींनी हरकतींचा पाऊस पाडला, कारण भोकं पाडून आलेल्या किटात घडवण्यासारखं उरतंच थोडं. सप्टेंबर २००९च्या अंतिम सूचनेत २०-२० गेलं. यादी मात्र बदलली: खुणेऐवजी प्रत्येक काम आता कारखाना, पगारी मदत आणि मालक यांच्यात दशांशाने वाटलं जातं. पगारी मदत घेता येते, फक्त ती मालकाच्या खात्यात जमा होत नाही.

या तडजोडीने प्रामाणिकपणाचा प्रश्न कागदावर मिटवला. रिव्हेट कसा बसलाय, हे ती यादी सांगत नाही. आणि विकत घेणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं. विमानाच्या बाहेरच्या पत्र्यावरचा नेहमीचा बुडीत (डोकं पत्र्याच्या पातळीत बसणारा) रिव्हेट ३/३२ इंचाचा, म्हणजे २.४ मिमी. ठोकल्यावर आतल्या बाजूचं डोकं दीडपट रुंद, म्हणजे साधारण ३.६ मिमी, आणि निम्म्या व्यासाइतकं, १.२ मिमी, उंच हवं. त्याहून चपटं म्हणजे जास्त ठोकलं. एका अंगाला कललं असेल तर बकिंग बार (ठोकताना आतून टेकवायचा धातूचा ठोकळा) तिरका धरला होता. भोकाच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंत किमान दोन व्यास अंतर हवं. हे आरशाने आणि टॉर्चने, तपासणीचं झाकण उघडूनच दिसतं. बाहेरचा रंग काहीही लपवतो.

मुंबईत, कांदिवलीच्या एका गच्चीवर बांधलेलं सहा आसनी विमान २०१६च्या प्रदर्शनात लोकांनी पाहिलं, त्यात किटच नव्हतं. टक्क्यांचा वाद तिथे गैरलागू. आपल्याकडे प्रश्न अडला तो परवानगीत.

अलीकडचा गोंधळ वेगळ्याच टोकाचा. करोनाकाळात मागणी वाढली, पंच प्रेस पुरेना, तेव्हा आरव्ही मालिकेच्या कंपनीने, व्हॅन्स एअरक्राफ्टने, काही भागांची भोकं लेझरने कापून घेतली. लेझरची रेघ जिथे सुरू होऊन मिटते तिथे भोकाच्या कडेला बारीक खाच राहिली. बुडीत रिव्हेटसाठी पत्र्याला डाय दाबून खळगी पाडताना भोकाची कड ताणली जाते आणि ताण खाचेपाशी गोळा होतो. तिथून चीर सुटते. (हाताने पाडलेल्या भोकाची बर, म्हणजे कडेला उरलेली धातूची धारदार कोर, न काढता खळगी पाडली तर हेच होतं, म्हणून बर काढणं हा सोपस्कार नाही.) चाचण्यांनंतर बहुतेक भाग वापरण्याजोगे असल्याचं कंपनीने सांगितलं, तरी अनेक ग्राहकांना बदली भाग हवे होते. तो खर्च आणि आधीच्या दरात घेतलेल्या मागण्या अंगावर येऊन डिसेंबर २०२३मध्ये कंपनीने दिवाळखोरीचं संरक्षण मागितलं. ज्यांनी आगाऊ पैसे भरले होते, त्यांच्यापुढे वाढीव दर मान्य करण्याचा पर्याय ठेवला गेला. पुढच्या वर्षी कंपनी त्यातून बाहेर आली.

म्हणून त्या काळातलं, विशेषतः अर्धवट सोडलेलं किट कोणी विकत असेल, तर भाग कधी आले, कोणते लेझरचे होते आणि कोणते बदलले, हे लॉगबुकातून विचारून घ्यावं लागतं. दुसरी अडचण त्या ‘बांधणारा’ शब्दाचीच. विमानाची वार्षिक तपासणी स्वतः करून सही करण्याचं प्रमाणपत्र मुख्य बांधणाऱ्याला मिळतं आणि ते विक्रीबरोबर पुढे जात नाही. नव्या मालकाला दुरुस्ती करण्याची पूर्ण मुभा असते, पण २०२५पर्यंत दर बारा महिन्यांनी सही करायला परवानाधारक मेकॅनिक शोधावा लागे. हलक्या क्रीडा विमानांच्या प्रायोगिक प्रवर्गात नोंदलेल्या आरव्ही-१२ला मात्र ५१ टक्के लागूच नव्हते, आणि तिथे दुसरा मालकही आधीपासून १६ तासांचा अभ्यासक्रम करून आपल्या विमानाची तपासणी करू शकतो. आतल्या भिंतीवरची ‘हौशी बांधणी’ची पाटी वाचली की विमान कोणत्या प्रवर्गात आहे ते समजतं, दाराजवळची ‘प्रायोगिक’ ही अक्षरं दोन्हींवर सारखीच असतात.