दुखणं आजचं, कागद तेव्हाचा: माजी सैनिकांची डिसअ‍ॅबिलिटी पेन्शन कुठं अडते

बार्शीकडचे एक निवृत्त नायक साडीच्या दुकानाची पिशवी घेऊन आले होते. आत एक्सरेच्या फिल्मा एकमेकींना चिकटलेल्या, गेल्या वर्षीचा एमआरआय आणि सगळ्यात वर, लॅमिनेट करून आणलेला सोलापुरातला अपंगत्वाचा दाखला, 45 टक्क्यांचा. खुर्चीत बसताना उजवा पाय सरळच ठेवावा लागत होता. "एवढं सगळं जोडलं, तरी नामंजूर," म्हणाले.

नामंजूर होणारच होतं, कारण तो दाखला या कामाचाच नाही. 2016 च्या दिव्यांग कायद्याखालचा तो कागद, त्याची अट 40 टक्क्यांची. एसटीची सवलत, यूडीआयडी कार्ड यांसाठी तो जरूर काढा. लष्कराच्या डिसअ‍ॅबिलिटी पेन्शनसाठी मात्र लष्कराच्याच मेडिकल बोर्डाने ठरवलेली टक्केवारी लागते आणि तिथं किमान 20 टक्के पुरतात.

दुसरी अट म्हणजे दुखापत नोकरीमुळे झालेली हवी, किंवा नोकरीमुळे वाढलेली तरी. हे 'किंवा' बरेच जण वाचत नाहीत. पहिल्यापासून थोडा कुरकुरणारा गुडघा डोंगरातल्या पोस्टिंगने कामातून गेला असेल, तरी दावा बसतो. पुढचं सगळं लो मेडिकल कॅटेगरीत, म्हणजे पूर्ण तंदुरुस्त नाही अशा नोंदीने सुटलेल्यांसाठी आहे. शेप-वनमध्ये, म्हणजे पूर्ण तंदुरुस्त म्हणून सुटलेल्यांची वाट वेगळी आणि बरीच अवघड.

आता खरी अडचण. बोर्डाच्या कागदावर तुमचा सांधा 'जखम' म्हणून गेला की 'आजार' म्हणून, हे आधी बघा. लिगामेंट तुटलं ही जखम. त्याच गुडघ्याला दहा वर्षांनी ऑस्टिओआर्थरायटिस लिहिलं की तो आजार, आणि मग 'वयोमानाने होतो', 'शांत ठिकाणी (पीस पोस्टिंगमध्ये, सीमेवर नव्हे) सुरू झाला' असे शेरे पडतात. जखम असेल तर ती ड्युटीवर झाली का, हे डॉक्टर नाही, युनिटचा अधिकारी लिहून देतो. तो कागद म्हणजे इंजुरी रिपोर्ट, फॉर्म आयएएफवाय-2006. हा कुणाकडेच नसतो. परेडमध्ये पाय मुरगळला तेव्हा पट्टी बांधून दुसऱ्या दिवशी पुन्हा ग्राउंडवर गेलेल्या जवानाने रिपोर्ट मागायचा कधी? आणि आता वीस वर्षांनी कार्यालय विचारतं, रिपोर्ट कुठंय.

तो मिळवायला सोलापुरातल्या डॉक्टरांचे आणखी चार रिपोर्ट काढू नका. ते आजचं दुखणं सांगतात, तेव्हाचं नाही. रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे तुमच्या रेजिमेंटचे सेवेचे कागद ठेवणाऱ्या कार्यालयाला, माहितीच्या अधिकारात अर्ज करा. फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. नंबर, रँक, युनिट, सुटल्याची तारीख लिहा आणि नावानिशी मागा: रिलीज मेडिकल बोर्डाचे, म्हणजे सुटतानाच्या तपासणीचे, सगळे कागद (एएफएमएसएफ-16) मताच्या पानासकट, इंजुरी रिपोर्ट, कोर्ट ऑफ इन्क्वायरी (युनिटची चौकशी) झाली असेल तर ती, आणि लष्करी दवाखान्यात दाखल केल्याचे कागद. 'माझी फाइल द्या' एवढंच लिहिलं तर दोन पानं हातावर ठेवतात. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड बेळगावला, महारचं सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला. शेवटच्या युनिटला पाठवलेलं पत्र तिकडेच फिरत बसतं.

नायकांच्या कागदांत इंजुरी रिपोर्ट निघाला नाही, पण दवाखान्याची एक पुसट चिठ्ठी निघाली: युनिटच्या कबड्डीत गुडघा पिरगळला. अधिकृतपणे भरवलेला खेळ ड्युटीतच धरतात. इतकी वर्षं ते ही गोष्ट सांगायलाच लाजत होते, खेळताना लागलं म्हणून.

नामंजुरीच्या पत्रात 'नायदर अ‍ॅट्रिब्युटेबल नॉर अ‍ॅग्रॅव्हेटेड' (नोकरीमुळे झालेलं नाही, वाढलेलंही नाही) असेल तर घाबरू नका. भरतीच्या वेळी नोंद नसलेलं दुखणं नोकरीतलंच धरायचं, तसं नाही हे दाखवायची जबाबदारी सरकारची, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये धरमवीर सिंग खटल्यात म्हटलंय. अपिलात हे नाव घाला.

मुदत सहा महिन्यांची, आणि ती नामंजुरीचं पत्र मिळाल्यापासून, निवृत्तीपासून नव्हे. रेकॉर्डला पाठवलेली विनंतीपत्रं अपील ठरत नाहीत. वर ठळक 'प्रथम अपील' लिहा. तेही फेटाळलं तर दुसरं अपील, मग सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ. खूप उशीर झाला असेल तरी दार बंद नसतं, मात्र थकबाकी बऱ्याचदा तीन वर्षांचीच मिळत आली आहे.

एवढी खटपट कशासाठी? शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या 30 टक्के रक्कम. पगार 40,000 असेल तर 12,000. बोर्डाने 20 टक्के दिले तर 2,400 होतात, पण 50 च्या खालचं सगळं 50 धरायचा नियम आहे, म्हणून 6,000, वर महागाई भत्ता. पूर्ण नोकरी करून सुटलेल्यांनाही हा 50 चा नियम लागू, हे 2014 च्या राम अवतार निकालाने ठरलं. काहींच्या पीपीओवर (पेन्शनच्या आदेशावर) अजून 20 च आहे, तो काढून बघा. 21 सप्टेंबर 2023 पासून नवे नियम आलेत. त्यानंतर सुटलेल्यांनी ही आकडेमोड आपल्याला लावू नये.

बाकी पीपीओ, डिस्चार्ज बुक, आधार, बँक पासबुक नेहमीचंच. नावाचं स्पेलिंग चारही ठिकाणी एक आहे का बघा, नाहीतर लष्करी पेन्शनच्या स्पर्श पोर्टलवर गाडी अडते. पत्रव्यवहाराला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय मदत करतं. आणि नामंजुरीचं पत्र ज्या पाकिटातून आलं ते पाकीट फेकू नका, सहा महिने त्यावरच्या शिक्क्यावरून मोजून दाखवावे लागतात.